शब्द शोधू नका

मराठीत आवाज काढतात, सूर लावतात, हाक मारतात. पण टाहो मात्र फोडतात. हंबरडाही फोडतात आणि किंकाळीही. मडकं फुटतं, धरण फुटतं, नारळ फोडतात, म्हणजे ‘फोडणे’ आलं की त्याआधी काहीतरी बंद होतं, भरलेलं होतं, हे भाषेने धरूनच चाललेलं असतं. सिंगापूरमधल्या भूमिगत संगीताविषयी, त्यातही स्क्रीमो नावाच्या प्रकाराविषयी, मराठीत लिहायला बसलो तेव्हा पहिली मदत या क्रियापदाने केली. तोवरचं माझं सगळं वाचन इंग्रजीत झालं होतं. तिथे स्क्रीम हा एकच शब्द सगळीकडे वापरून झिजलेला आहे.

ही प्रस्तावना ज्यांनी असलं संगीत कधी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. ज्यांनी ऐकलं आणि अर्ध्या मिनिटात बंद केलं त्यांच्यासाठी जरा जास्तच. मीही त्यांच्यातलाच. सिंगापूरमध्ये आमच्या मजल्यावर राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातल्या मुलाने मला प्रथम हे ऐकवलं. मी कपाळाला आठ्या घालून कानांवरचं यंत्र दाबत शब्द पकडू पाहत होतो. तो म्हणाला, “काका, शब्द शोधू नका. ते नंतर कागदावर वाचायचे असतात.” या क्षेत्रातली पद्धतशास्त्राची माझी पहिली शिकवणी तीच. पुढे विद्यापीठीय ग्रंथांतून जे मिळालं त्यातलं बरंचसं या वाक्यावरचं भाष्य होतं.

स्क्रीमो म्हणजे काय, ते थोडक्यात. १९८५च्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये राइट्स ऑफ स्प्रिंगसारख्या वाद्यवृंदांनी हार्डकोर पंकचा वेग तसाच ठेवला, पण त्यातला राग बाहेरच्या जगावरून काढून स्वतःच्या आत वळवला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सॅन डिएगोत हेरॉइन, अँटिऑक ॲरो या मंडळींनी तेच आणखी तुटक, आणखी वेडंवाकडं केलं. त्यानंतर न्यूयॉर्कचे सेतिया, मॅसॅच्युसेट्सचे ऑर्किड, व्हर्जिनियाचे पेजनाइन्टीनाइन आले, आणि टोकियोत एन्व्ही. ऑर्किडची ‘केऑस इज मी’ ही १९९९ची तबकडी वीस मिनिटांच्या आत संपते. रचनेची एक ढोबळ ओळख सांगता येते. गिटारची एकच हळवी ओळ बराच वेळ घुटमळते, ढोल थांबून थांबून वाजतात, आणि मग सगळं एकदम कोसळतं. त्या कोसळण्यात एक माणूस ओरडत असतो. २०००नंतर व्यापारी कंपन्यांनी हे नाव भलत्याच गुळगुळीत गाण्यांना चिकटवलं. जुन्या श्रोत्यांनी मग वैतागून स्वतःच्या संगीताला ‘स्क्राम्झ’ असं मुद्दाम वेडगळ नाव घेतलं. संप्रदायात फूट पडली की असली नावं निघतातच. आपल्याकडे काय कमी निघाली?

त्या ओरडण्याविषयी एक गैरसमज आधी दूर करतो. ते बेताल नसतं. स्वररज्जूंच्या वर आणखी एक जोडी पडद्यांची असते. तिला खोटे स्वररज्जू म्हणतात. सरावलेला गायक हवेचा दाब सांभाळून त्यांना कंप देतो आणि खऱ्या रज्जूंवरचा ताण वाचवतो. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस या शिक्षिकेने २००५ साली या तंत्राचे धडे चित्रफितीच्या रूपात प्रसिद्ध केले, तेव्हा ओरडण्याचीही तालीम असते हे पुष्कळांना कळलं. गंमत अशी की स्क्रीमोतल्या अनेकांना ही तालीम नको असते. त्यांचा आवाज खरोखर फाटतो, तिसऱ्या गाण्यापर्यंत बसतो, आणि बसलेल्या आवाजातच उरलेला कार्यक्रम होतो. पोवाडा ऐकणाऱ्यांना हे निराळं सांगायला नको. शाहिराच्या घशातली खरखर हा दोष आहे असं गावात कोणी म्हणत नाही. ते बैठकीच्या गाण्याच्या दिवाणखान्यात म्हणतात.

डॉ. अशोक रानडे यांनी भारतीय संगीताचे आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम असे सहा कोटिक्रम मांडले होते. मी बराच काळ स्क्रीमोला यांपैकी एका खणात बसवू पाहत होतो. वाद्यं, ध्वनिमुद्रण, विक्री पाहिली तर हे जनसंगीत. पण जनसंगीत अनोळखी लाखोंसाठी असतं, आणि इथे तबकडीच्या प्रती शेकड्यांत निघतात. वाजवणारे आणि ऐकणारे यांच्यात मंच नसतो. पुढच्या रांगेतला मुलगा ध्वनिक्षेपक हिसकावून ओळ पुरी करतो. हे लोकसंगीताच्या जवळ जातं, फक्त इथला ‘लोक’ एका गावचा किंवा एका जातीचा नसून टपालाने आणि पुढे संगणकाने जोडलेला आहे. मराठी वाचकाला याचं सर्वांत जवळचं रूप संगीतात नव्हे, साहित्यात सापडेल. साठच्या दशकात मराठीत ‘असो’, ‘येरू’, ‘वाचा’ ही लघुअनियतकालिकं निघत होती. प्रती थोड्या, पैसे पदरचे, आणि प्रस्थापित मासिकांकडे पाठ. वाचणारा आणि लिहिणारा बहुधा एकमेकांना ओळखत असत. सिंगापूरमध्ये १९८५ साली मायकल चिआ, फिलिप चिआ आणि स्टीफन टॅन या तिघांनी ‘बिगओ’ नावाचं संगीतविषयक नियतकालिक सुरू केलं तेही असंच, छायाप्रती काढून. अशोक शहाणे किंवा राजा ढाले या त्या अनियतकालिकांच्या संपादकांचा एखादा अंक हाताळलेल्या माणसाला ‘बिगओ’च्या कुळकथेत परकं वाटू नये.

आता सिंगापूर. शांतता सरकारी सोय असावी तशी पुरवलेलं हे शहर आहे. दर पाच रहिवाशांपैकी जवळपास चार सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारतींत राहतात. भिंतीपलीकडे शेजारी, वर शेजारी, खाली शेजारी. घरात ढोल ठेवणं अशक्य. म्हणून इथला बहुतेक प्रत्येक वाद्यवृंद तासावर भाड्याने मिळणाऱ्या बंदिस्त खोलीत वाढतो. त्याला ‘जॅमिंग स्टुडिओ’ म्हणतात. चौघांत वर्गणी काढायची, घड्याळाकडे बघत वाजवायचं. इथली गाणी आखूड का, याचं एक उत्तर सौंदर्यशास्त्रात असेल. दुसरं त्या घड्याळात आहे असा माझा जुना संशय आहे.

आवाजाच्या आधी केसांचा प्रश्न होता. सत्तरच्या दशकात सरकारी कार्यालयांत फलक लागले, की लांब केसांच्या पुरुषांचं काम सर्वांत शेवटी केलं जाईल. लांब केस म्हणजे काय याची व्याख्याही चित्रासह दिलेली होती: कपाळावरून भुवयांना टेकणारे, कान झाकणारे, सदऱ्याच्या कॉलरखाली उतरणारे. १९७२च्या फेब्रुवारीत लेड झेपेलिन या रॉक वाद्यवृंदाचा कार्यक्रम केसांपायी रद्द झाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कार्यक्रमांत एकमेकांवर आदळत नाचण्यावर बंदी आली. २०१९च्या मार्चमध्ये वाटाइन या स्वीडिश ब्लॅक मेटल वाद्यवृंदाचा, आधी परवाना मिळालेला कार्यक्रम ठरलेल्या दिवशीच काही तास आधी थांबवण्यात आला. ही यादी वाचून कोणी ‘म्हणजे हे दडपशाहीविरुद्धचं संगीत’ असा निष्कर्ष काढील तर मी त्याला थोडं थांबवेन. या क्षेत्रात सर्वांत जास्त पाय घसरतात ते इथेच.

कारण त्याच राज्यात दुसऱ्याही गोष्टी घडल्या. नाटककार कुओ पाओ कुन यांना १९७६पासून खटल्याविना चार वर्षांहून अधिक काळ स्थानबद्ध केलं होतं. त्यांनीच १९९० साली आर्मेनियन स्ट्रीटवरच्या जुन्या वीज उपकेंद्राच्या इमारतीत ‘द सबस्टेशन’ हे कलाकेंद्र उभं केलं. त्याच्या मागच्या बागेत पंक, मेटल, हार्डकोर वाजवणाऱ्या पोरांना जागा मिळाली. पुढे ती बाग एका खानावळीकडे गेली, आणि २०२१ साली केंद्राने इमारतच सोडली. २००२ साली एस्प्लनेड हे भव्य सरकारी नाट्यगृह उघडलं, आणि ‘बेबीट्स’ या मोफत महोत्सवात तिथल्या समुद्राकाठी हेच वाद्यवृंद वाजू लागले. ऐंशीच्या दशकात उगवलेल्या एका पंक-मेटल वाद्यवृंदाचं नाव होतं ‘ऑपोझिशन पार्टी’. एकाच पक्षाची सत्ता असलेल्या देशात हे नाव घेऊन ते वर्षानुवर्षं वाजवत राहिले. बंदी आणि अनुदान इथे एकाच फायलीत असतात. ओरडणाऱ्याला समोर भिंत सापडत नाही, गादी सापडते. हा अनुभव थेट दडपशाहीपेक्षा वेगळा आहे आणि त्याचा अभ्यासही वेगळा व्हायला हवा.

मग बाहेरचा कोण? इथे बाराव्या वर्षी प्राथमिक शाळा संपल्याची परीक्षा होते. तिच्या गुणांवरून मुलं दशकानुदशकं एक्स्प्रेस, नॉर्मल अकॅडेमिक, नॉर्मल टेक्निकल अशा प्रवाहांत वाटली जात. २०२४ साली माध्यमिक शाळेत आलेल्या तुकडीपासून या पाट्या काढल्या, पण पाटीखाली वाढलेल्या पिढ्या जिवंत आहेत. तांत्रिक शिक्षणसंस्थेच्या आयटीई या आद्याक्षरांचा ‘इट्स दी एंड’ असा विस्तार पोरं स्वतःच करत. त्यानंतर मुलग्यांना दोन वर्षांची सक्तीची लष्करी सेवा. असंख्य वाद्यवृंद त्या दोन वर्षांत विरघळले. काही उलट त्यानंतर जन्मले. वर्मरॉट हा २००७ साली निघालेला ग्राइंडकोर (मेटल-पंकचा आणखी वेगवान प्रकार) वाद्यवृंद सेवा संपवून आलेल्या मित्रांचा. दहा वर्षांनी, २०१७ साली, ते इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवणारे सिंगापूरचे पहिले ठरले. (फ्रान्समधल्या एका शेतावर त्यांच्या कार्यक्रमाला एक शेळी पहिल्या रांगेत उभी होती. तिचं छायाचित्र खूप लोकांनी पाहिलं. माझ्याजवळ या माहितीचा काही सैद्धांतिक उपयोग नाही.)

बाहेरच्यांमध्ये मलाय तरुण ठळक आहेत. ऐंशीच्या दशकात घट्ट जीन्स, लांब केस, इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत गिटार घेऊन बसलेला मलाय मुलगा ‘मॅट रॉक’ म्हणून हिणवला जाई. त्या नुसतं बसून राहण्याला मलायमध्ये ‘लेपाक’ म्हणतात. चकाट्या पिटणं त्याच्या जवळपास येतं, पण लेपाकमध्ये चकाट्याही नसल्या तरी चालतात. लिऊ काइ खिउन आणि केली फू यांनी २००६ साली सिंगापूर-मलेशियातल्या हेवी मेटलवर लिहिलेला निबंध इथून पुढे वाचावा. समाजाने ज्यांच्यात भूत पाहिलं त्या पोरांनी ते भूत कसं अंगावर घेतलं आणि वागवलं, हे त्यात चांगलं उलगडलं आहे. जेरेमी वॉलक यांचा इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर एकत्र घेऊन मेटल, पौरुष आणि मलायपण यांवरचा लेखही सोबत ठेवावा. स्टीव्ह फर्झाका यांचं ‘सॉनिक सिटी’ (२०२१) पेनिन्सुला शॉपिंग सेंटरच्या तळघरातल्या जुन्या रॉकवाल्यांमध्ये बसून लिहिलेलं आहे. गिटारच्या दुकानात माणसं नेमकी करतात काय, हे ज्याला कळून घ्यायचं आहे त्याने सिद्धान्ताआधी ते वाचावं.

पण बाहेरपणा नेहमी दारिद्र्याचा किंवा जातीवंशाचा नसतो. इथे समलिंगी पुरुषांच्या संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम संसदेने रद्द केलं ते २०२२च्या अखेरीस. तोवर ज्यांना स्वतःविषयी घरच्या भाषेत एक वाक्य बोलता येत नव्हतं, त्यांतल्या कित्येकांना शब्द ऐकू न येणाऱ्या गाण्यात बसायला जागा मिळाली असेल, तर नवल नाही. शब्द स्पष्ट असते तर गाणं कुणाचं तरी झालं असतं. त्या मुलीचं, त्या प्रेमभंगाचं, त्या गावाचं. ते अस्पष्ट आहे म्हणून त्यात शिरताना ओळखपत्र लागत नाही.

हाच या प्रस्तावनेचा मुद्दा, आणि तो मांडायला मला पुन्हा मराठीकडे यावं लागतं. किंकाळी भीतीची असते आणि तिला ऐकणारा लागत नाही. हंबरडा प्रेतापाशी फुटतो. बोंब चारचौघांत मारायची असते. शिमग्यात तर तोंडावर हात मारून ती रीतसर मारतात, आणि त्या दिवशी कोणी कोणाला गप्प करत नाही. आरोळी अंतर कापण्यासाठी असते. टाहो यांहून निराळा. टाहोला ऐकणारा आहे, पण तो इथे नाही. हाक जिथे पोचायची ती जागा रिकामी आहे, हे ठाऊक असून दिलेली ती हाक आहे. वासरू गाईसाठी फोडतं, भक्त विठ्ठलासाठी फोडतो.

या कसोटीवर वर्मरॉटचं संगीत मला बोंबेच्या कुळातलं वाटतं. ‘हिस’ या २०२२च्या त्यांच्या संग्रहात एकवीस तुकडे अर्ध्या तासाच्या आसपास आटोपतात. मधे व्हायोलिन येऊन त्या बोंबेला कातरतं, तेव्हा क्षणभर टाहो ऐकू येतो आणि पुन्हा बुजतो. सिआल हा हार्डकोर पंक वाद्यवृंद मलायमध्ये गातो. नावाचा अर्थ अभागी, शापित. रस्त्यावरची शिवीच ती. गायिकेचा आवाज प्रतिध्वनीत बुडवलेला, जणू लांबच्या बोगद्यातून येणारा. २०१९चा त्यांचा संग्रह ‘तारी पमुस्नाह कुआसा’ म्हणजे सत्तेचा संहार करणारं नृत्य. ही बोंबही आहे आणि आरोळीही. स्क्रीमो मात्र सरळ टाहो आहे. त्याच्या चांगल्या तबकडीत ‘तू’ सतत असतो आणि तो कधीच उत्तर देत नाही. ऐकणारा जर स्वतःही कुठल्या तरी न येणाऱ्या उत्तराची वाट पाहणारा असला, तर तो त्या ‘तू’च्या जागी बसत नाही, ओरडणाऱ्याच्या शेजारी बसतो. या संगीताचं भावनिक आवाहन म्हणतात ते हेच, असं मला दिसतं. सांत्वन नाही, सोबत आहे.

प्रयोगशाळेने याविषयी काय म्हटलं? क्वीन्सलंड विद्यापीठाच्या लिआ शार्मन आणि जेनेव्हिव्ह डिंगल यांनी २०१५ साली असं अतितीव्र संगीत ऐकणारे ३९ जण घेतले; त्यांच्या व्याख्येत स्क्रीमो नावानिशी होता. आधी प्रत्येकाला सोळा मिनिटं संताप आणणाऱ्या आठवणी सांगायला लावल्या. मग निम्म्यांना दहा मिनिटं स्वतःच्या आवडीचं संगीत, निम्म्यांना शांतता. संगीत ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही. वैरभाव, चिडचिड, ताण शांत बसलेल्यांइतकाच उतरला. पण नाडीचे ठोके मात्र उतरले नाहीत, चढलेलेच राहिले. मला यातलं शेवटचं निरीक्षण मोलाचं वाटतं. मन निवतं, देह पेटलेला राहतो. देवीच्या दारात अंगात आलेली बाई घुमून उठते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पाहिलेली थकलेली टवटवी मला आठवली. घरात जिचा आवाज कोणी ऐकला नाही तिचा त्या दिवशी सगळं गाव ऐकतं. अर्थात ३९ हा आकडा लहान आहे, आणि ते सगळे आधीपासूनचे चाहते होते. ज्याला हे संगीत नकोसं वाटतं त्याच्यावर ते औषध म्हणून लादू नये.

आणखी एक सावधगिरी. बाहेरच्यांच्या या घरातही ओसरी आणि माजघर आहेच. जेसिका हॉपर यांनी २००३ साली स्क्रीमोच्या जवळच्या नात्यातल्या इमो संगीतावर टीका करताना विचारलं होतं, की यातल्या मुली कुठे आहेत? गाण्यात दुखावणारी म्हणून मुलगी असते, मंचावर नसते. सिंगापूरच्या छोट्या कार्यक्रमांत मी बराच काळ मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो आहे. पुढे आदळणाऱ्यांचे दप्तर-चष्मे सांभाळत माझ्या शेजारी उभ्या असणाऱ्या मुलीच असत. सिआलसारख्या वाद्यवृंदाचं महत्त्व म्हणूनच केवळ संगीतापुरतं नाही. या विषयात नव्याने येणाऱ्या संशोधकाने वाजवणाऱ्यांपेक्षा त्या मागच्या भिंतीकडे अधिक पाहावं.

मराठी अभ्यासकाला इथे करण्यासारखं बरंच आहे. मुंबईच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ला जाणाऱ्या डोंबिवली-ठाण्याच्या पोरांचा इतिहास कोणी नीट लिहिलेला मला दिसला नाही. ‘स्क्राइब’सारख्या मुंबईच्या हार्डकोर वाद्यवृंदाने ओरडण्यात टपोरी विनोद कसा मिसळला, हाही एक विषय. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२चा. मोठ्याने वाचल्यावर घशाला काय होतं या अंगाने त्याच्याकडे पाहायचं अजून राहिलंच आहे.

सिंगापूरपुरता एक प्रश्न मी स्वतःसाठी राखून ठेवला आहे. इथल्या शाळांत सहसा प्रत्येक मुलाला ‘मातृभाषा’ हा विषय घ्यावा लागतो. भारतीय मुलांसाठी तमिळ, आणि तिच्याखेरीज हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती, उर्दू यांची सोय आहे. मराठीची नाही. म्हणून मराठी घरातली मुलं बहुतेक हिंदी घेतात, आणि प्रगतिपुस्तकात मातृभाषेच्या रकान्यात हिंदीचे गुण आणतात. घरी आजीशी मराठी, शाळेत इंग्रजी, मित्रांत सिंग्लिश. आमच्या मजल्यावरच्या त्या मुलाने पुढे तिघा मित्रांबरोबर भाड्याच्या खोलीत वाजवायला सुरुवात केली. ओरडायचं काम त्याच्याकडे. एकदा त्यांचं कच्चं मुद्रण त्याने मला ऐकवलं. त्याचीच सूचना पाळून मी शब्द शोधले नाहीत. पण शेवटच्या गाण्यात दोनदा, ढोल थांबतात त्या जागी, मला ‘अगं’ ऐकू आलं. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “असेल काका, माहीत नाही. कागदावर नाहीये ते.”